गळ्यातली डबी वाजली

मी इष्टलिंगाची चांदीची डबी बोलतेय. खरं तर माझा जन्मच गप्प बसण्यासाठी. लिंग कापडात गुंडाळून माझ्या पोटात ठेवतात, शिवदाऱ्यात ओवून मला गळ्यात घालतात. आत देव घट्ट बसलेला, हलायला जागाच नसते. तरीही एकदा मी वाजले आणि घर हादरलं.

मला उदगीरच्या सोनारानं घडवलं. गौरम्मानं आपल्या मुलाच्या, संगमेश्वरच्या, लिंगदीक्षेला मला त्याच्या गळ्यात घातलं. पोरगं विहिरीत उडी मारताना मला मुठीत गच्च धरायचं. आंघोळ झाली की मला उघडायचं, लिंग तळहातावर घेऊन विभूती लावायचं आणि मगच भाकरीला हात लावायचं. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

पुढे अंजू सून होऊन आली. ती किल्लारीकडची. भूकंपात तिची आई गेली. ढिगारा उपसल्यावर आईच्या गळ्यातली बोरमाळ तेवढी हाती लागली, एक मणी चेपलेला. लग्नात अंजूनं तीच घातली होती.

दोघांनी लातुरात पत्र्याच्या शेडमध्ये क्लास काढला. तो फिजिक्स शिकवायचा, ती गणित. चाकूर-अहमदपूरची पोरं खोल्या करून राहू लागली आणि बघता बघता शेडची तीन मजली इमारत झाली, नांदेडला शाखा निघाली. निकाल लागला की चौकातल्या फलकावर त्याच्याबरोबर मीही झळकायचे. पूजा मात्र आखडत गेली. देव छातीवर आणि ध्यान ॲडमिशनवर!

मग संसार फाटला, घटस्फोटाचा दावा लागला. संगमेश्वरनं कोर्टात शपथेवर सांगितलं, "मी नातलगाच्या संस्थेत पगारी मास्तर आहे. बोरमाळ हिनंच मोडली." तेव्हा मी त्याच्या छातीवरच होते. ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"इमारतीचं वकील बघतील," अंजू म्हणाली, "माझ्या आईची माळ तेवढी मला पायजे."

कोर्टानं श्रीपादराव नावाच्या वकिलांना कमिशनर नेमलं. घर तपासा, कपाटं उघडा, बँकेच्या लॉकरची किल्ली सापडली तर तेही पाहा आणि यादी करा, असा आदेश निघाला.

तपासणीच्या दिवशी सकाळीच संगमेश्वर क्लासवर गेला आणि त्यानं मला उघडलं. मला वाटलं, चला, आज तरी पूजा होणार. त्यानं लिंग काढून ड्रॉवरमधल्या पेनांत ठेवलं आणि लॉकरची छोटी किल्ली माझ्यात टाकली. आदेश घराचा होता, अंगाचा नव्हता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शिवाय कुणाच्या गळ्यातल्या देवाला हात कोण लावणार?

घरी श्रीपादराव आणि अंजू आले, तपासणी सुरू झाली. कपाटं झाली, दिवाण झाले, धान्याची कोठी झाली. काही मिळेना. गौरम्मा सकाळपासून स्वयंपाकघराच्या दारात तोंड फिरवून बसलेली. सुनेला तिनं पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

"पिठाचा डबा राहिला असंल तर त्योबी बघा साहेब," संगमेश्वर हसत म्हणाला. श्रीपादरावांनी पेनाला टोपण लावलं. अंजूचा चेहरा उतरला. मला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

तपासून झालेली बॅग परत दिवाणाखाली सारायला संगमेश्वर वाकला आणि मी वाजले. खुळ्ळ! त्यानं मला मुठीत गच्च धरलं, लहानपणी धरायचा तसंच, आणि उगाच खोकला काढला.

अंजू जागच्या जागी थांबली. ती कमिशनरकडे गेली नाही, सासूपाशी जाऊन बसली. "अव्वा," तिनं हळूच विचारलं, "गळ्यातला देव कधी वाजतो का?"

"काय बोलायलीस?" गौरम्मा फणकारली. पण मग उठली. "संगम्या, हिकडं ये. जरा हल बघू."

"अव्वा, कायबी काय!"

"हल म्हन्ते ना."

तो हलेना. मूठही सोडेना.

श्रीपादराव म्हणाले, "आजी, अंगावरचं मला तपासता येणार नाही. आदेशात तसं नाही."

"तुम्ही नगा हात लावू साहेब. म्या घातलंय, म्याच काढीन."

तिनं शिवदारा त्याच्या डोक्यावरून काढला आणि माझं झाकण उघडलं. किल्ली तिच्या तळहातावर पडली. किल्लीचं तिनं काहीच विचारलं नाही. "देव कुठं हाय?" एवढंच म्हणाली.

"क्लासात... ड्रॉवरमधी."

म्हातारीनं किल्ली श्रीपादरावांच्या हातात दिली आणि तांब्या भरून अंजूपुढे ठेवला.

बँकेत लॉकर उघडलं तेव्हा दुसऱ्यांच्या नावांच्या खरेदीखतांखाली बोरमाळ होती. अंजूनं आधी चेपलेला मणी चाचपला म्हणे, मगच रडली.

दावा अजून चालू आहे. गौरम्मानं स्वतः क्लासवर जाऊन देव घरी आणला, स्वामींना बोलावून मला शुद्ध करून घेतलं आणि लिंग पुन्हा माझ्यात ठेवलं. आता मी तिच्या देवघरात असते. संगमेश्वर न्यायला आलेला नाही. "मागायला यील तवा बघू," म्हातारी म्हणते.

ये रे बाबा एकदा. तुझा देव मी जन्मभर सांभाळला, तुझं खोटं फक्त एक सकाळ. लोकांच्या तोंडी मात्र तीच सकाळ आहे.

गौरम्मा रोज पूजा झाली की मला कानाशी धरून हलवते. मी वाजत नाही. तरी ती बराच वेळ तशीच कान लावून बसते.