वाकड्या मानेचा चमचा

मी एक जुना, मान वाकडी असलेला चमचा आहे. जन्मतः मी सरळच होतो. पण रुग्णांकडून हाताचे व्यायाम करून घेणाऱ्या एका बाईंनी मला पकडीत धरून वाकवलं, दांड्यावर जाड रबरी नळी चढवली आणि तळहाताभोवती अडकवायला पट्टा शिवला. ज्यांची बोटं मिटत नाहीत, मनगट वळत नाही, त्यांना आपल्या हाताने जेवता यावं म्हणून हा सगळा खटाटोप.

मित्रांनो, मी ज्यांच्याकडे आलो ते बाबा पूर्वी किल्ल्या बनवायचे. संधिवाताने त्यांची बोटं लाकडासारखी ताठ झाली होती. मुलगी कामावर जायची. दिवसभर त्यांना सांभाळायला एक मावशी यायच्या, त्याच भरवायच्या.

मुलीने मला समोर ठेवलं, तेव्हा बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांचा खिसा कापायला आलोय.

"हा चमचा नक्की कुणाचा? माझा, की तुझा?"

"तुमचाच, बाबा. वापरून तरी बघा."

"जमत नाही," मला हातही न लावता ते म्हणाले.

आदल्याच दिवशी त्यांनी मुलीला फोनवर बोलताना ऐकलं होतं, "बाबा आपल्या हाताने जेवायला लागले की मी मोकळी." आणि लगोलग मी घरात! बाबांच्या मनात पाल चुकचुकली. ही आपल्याला सोडून जाणार.

पण हात स्वस्थ बसेनात. दुपारी मावशी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेल्या, की बाबा मला जवळ ओढायचे, दातांनी पट्टा घट्ट करायचे आणि टेबलावरच्या भांड्यातलं कस्टर्ड खायचे. पहिल्या दिवशी निम्मं सदऱ्यावर सांडलं. आठवड्याभरात थेंबही सांडेना. मावशींची चाहूल लागली, की मी टॉवेलला पुसून जागेवर, आणि बाबांचा हात पुन्हा मांडीवर निपचित. मला वाईट वाटायचं. इतकं छान जमतंय, मग चोरी कसली?

मुलीला वेगळाच संशय आला. मी चिकट, भांडं अर्धं. बाबांना तर जमत नाही! मग तिने भांडं आणि झाकण यांच्या फटीवर कागदाची बारीक पट्टी चिकटवली. संध्याकाळी ती फाटलेली दिसली.

"मावशी, कस्टर्ड कोण खातं हो?"

मावशींचा चेहरा उतरला. "ताई, तीन वर्षं झाली मला इथं. कधी साखरेचा दाणा न विचारता घेतला नाही."

"मग भांडं आपोआप रिकामं होतं?"

मावशींनी खुंटीवरची पिशवी घेतली. "उद्यापासून दुसरी कुणी बघा."

मी सगळं पाहिलेलं, पण मला कुठली वाचा! बाबा खाली बघत होते. गप्प राहिले असते तर त्यांचं गुपित टिकलं असतं. मावशींनी दाराची कडी काढली, तसे ते एकदम म्हणाले, "थांबा."

त्यांनी मला ओढलं, दातांनी पट्टा आवळला आणि दोघींच्या देखत एक घास खाल्ला.

"मीच खातो. रोज."

"मग सांगितलं का नाही?" मुलगी ओरडलीच.

"तू मोकळी होणार होतीस. मोकळी होऊन कुठे जाणार, ते कुणी मला सांगितलं?"

ती त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. "बदली आलीये, बाबा. बढतीची. दोनदा मी नाही म्हणाले. तिसऱ्यांदा विचारलंय. तुम्हाला कसं सांगू, कळेना."

म्हणजे बाबांचा संशय अगदीच खोटा नव्हता.

मुलीने मावशींचे हात धरून माफी मागितली. मावशी लगेच विरघळल्या नाहीत. दोन दिवस आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या, पण आल्या आल्या बाबांना म्हणाल्या, "काका, पुन्हा असं केलंत तर बोलणार नाही."

बाबा हसले, आणि मुलीला म्हणाले, "जा. पण रविवारी येत जा."

आता ती रविवारी येते. माझी नळी तडकली आहे, पट्टा दोनदा बदलून झाला. मित्रांनो, माझ्यासारख्याला नीट धुऊन, कोरडं करून ठेवा. कुणाला मदतीची वस्तू आणून द्याल, तेव्हा ती का आणली तेही सांगा. आणि माणूस आपल्या हाताने जेवायला लागला, म्हणून त्याच्या शेजारची खुर्ची लगेच उचलू नका.