नर्सबाई आणि भिंगरी

बदली होऊन आल्यावर नर्सबाईंनी मागची खोली भाड्याने घेतली. ओळखीचं कुणी नाही, बोलायलाही कुणी नाही. घरमालकिणीची सात वर्षांची मुलगी मात्र रोज संध्याकाळी यायची आणि खाटेवर बसून शाळेतली भांडणं रंगवून सांगायची. एका जागी ठरत नाही म्हणून घरचे तिला भिंगरी म्हणत.

गोवराची लस शाळेतच द्यायची ठरलं. साठ मुलांपैकी जेमतेम पस्तीस जणांच्या घरून संमतीच्या फॉर्मवर सही आली. नर्सबाईंनी शिक्षिकेला सोबत घेऊन घरोघरी चपला झिजवल्या. कुठे चहा मिळाला, कुठे दारातूनच वाटेला लावलं. शेवटी एकच फॉर्म उरला, भिंगरीचा.

"थोरल्याला सुई दिली तेव्हा तापाने फणफणला होता. हे परगावी, मी एकटी. काय हाल झाले ते मलाच ठाऊक," घरमालकीण म्हणाली.

"ताप येईल, दोन दिवसांत उतरेल. आणि या वेळी तुम्ही एकट्या नाही. भिंतीपलीकडे मी आहे ना."

बराच वेळ कागद हातात धरून तिने सही केली.

रांगेत भिंगरी ऐटीत उभी होती. "ही माझी मावशी आहे!" असं पुढच्या-मागच्यांना सांगत होती. तिची पाळी आली. नर्सबाईंनी सुई हातात घेतली, तसा तिचा चेहराच उतरला.

"तू टोचणार? तूच?"

"मुंगी चावल्यासारखं होईल, बघ."

मुंगी चावल्यासारखं झालं नाही. भिंगरीने शाळा डोक्यावर घेतली.

संध्याकाळी तिला कणकण आली. नर्सबाई औषध घेऊन गेल्या, तर ती भिंतीकडे तोंड करून पडलेली.

"ताई, मनावर घेऊ नका. पोर आहे," आई ओशाळून म्हणाली.

ताप उतरला. शाळेत एकही मूल लसीवाचून राहिलं नाही, साहेबांनी फोनवर शाबासकी दिली. नर्सबाईंना ते कुणाला तरी सांगावंसं वाटलं. त्यांनी दोन घास खाल्ले आणि ताट घासून पालथं घातलं. भिंतीपलीकडून भिंगरीचे पाढे ऐकू येत होते.

तीन आठवड्यांनी ती उंबऱ्याबाहेर येऊन उभी राहिली.

"पिशवीत सुई आहे?"

"आज नाही."

"आणि उद्या?"

खोटं बोलणं सोपं होतं. "उद्या आहे. दुसऱ्या शाळेत जायचंय."

भिंगरीने क्षणभर विचार केला. "मग नको," म्हणाली, आणि धावत निघून गेली.