आप्पांची हाळी माझ्या पोटात

मी वर्षाराणीचं कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड बोलतोय. सोळा जीबीचा, दोन बोटांच्या चिमटीत मावणारा. अजून माझी दातखीळ सुटलेली नाही, म्हणून मध्येच अडखळलो तर सांभाळून घ्या. जिनं मला जीव लावला, तिनंच एका बटणासरशी मला पुसून काढलं. अजून खरं वाटत नाही.

राजारामपुरीतल्या एका दुकानात मी काचेखाली पडून होतो. वर्षाराणीनं मला घेतलं, मैत्रिणीकडून मागून आणलेल्या कॅमेऱ्यात सरकवलं आणि गडमुडशिंगीला घरी आणलं. कॉलेजच्या लघुपट स्पर्धेसाठी तिला पाच मिनिटांची फिल्म करायची होती. विषय घरचाच. तिचे वडील बाळासो, म्हणजे आप्पा, आणि त्यांची लाडकी म्हैस मैना.

पहिलं शूटिंग झालं दिवाळी पाडव्याला. त्या दिवशी आमच्याकडं म्हशी नटवून मोटारसायकलीमागं पळवतात. बाकीच्यांच्या म्हशींना पळवायला सायलेन्सरचा दणका लागतो. आप्पांनी गाडी पुढं काढली आणि नुसती हाळी दिली, "मैनेऽऽ, चल गं बाय माझे." मैना शेपूट उभारून अशी धावली की बघणारे बाजूला झाले.

"पोरी, माझा फोटो काढतीस का म्हशीचा?" आप्पा विचारत होते.

"दोघांचाबी काढतोय की आप्पा. तुमी नुसतं बोलत ऱ्हावा."

ते बोलत राहिले, मी साठवत राहिलो.

पौषात आप्पांच्या घशाचं ऑपरेशन झालं. तंबाखूनं घात केला. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढलं. आता आप्पा गोठ्यात टाळ्या वाजवतात आणि मैना ढिम्म रवंथ करत बसते. एवढा बोलका माणूस, पण त्याचा आवाज घरात दुसरीकडं कुठंच नव्हता. व्हॉट्सअ‍ॅपवर ते कायम फक्त अंगठा पाठवत आले. होता तो आवाज माझ्या पोटात.

मला कॉम्प्युटरात खोचून वर्षाराणीनं एडिटिंग सुरू केलं. पडद्यावर सगळे तुकडे ओळीनं लागले, आप्पा बोलायला लागले आणि पोरीची समजूत झाली की फिल्म कॉम्प्युटरात उतरली. कसली उतरते? सॉफ्टवेअरनं फक्त माझा पत्ता लिहून घेतला होता. दर वेळी ते माझ्याच दारात येऊन चित्र घेऊन जायचं. मला हे माहीत होतं, पण मला विचारतो कोण?

शेवटचं एक दृश्य राहिलं होतं, मैना ओढ्यात डुंबताना. तिनं मला परत कॅमेऱ्यात सरकवलं. कॅमेरा म्हणाला, जागा नाही. "समदं कॉम्प्युटरात हाय की," असं पुटपुटत तिनं फॉरमॅटचं बटण दाबलं.

क्षणात मी कोरा दिसायला लागलो.

तरी त्या घटकेला सगळं गेलं नव्हतं. फॉरमॅट केल्यावर आधी फक्त यादी पुसली जाते, माल जागेवरच असतो. त्यावर नवीन काही लिहिलं की मात्र तो गेलाच. मी आतल्या आत बोंबलत होतो, अगं, कॅमेरा बंद कर. पण बाईसाहेबांनी तासभर शूटिंग केलं. डुंबणारी म्हैस तासभर काय बघायची? मिनिटामिनिटाला आप्पांचे शब्द चिरडले जात होते आणि ते मलाच करावं लागत होतं.

घरी येऊन तिनं प्रोजेक्ट उघडला. पडदाभर लाल पाट्या, मीडिया ऑफलाइन, म्हणजे मूळ चित्रं सापडत नाहीत. तिला वाटलं, सॉफ्टवेअर बिघडलं. बंद करून चालू केलं. कॉम्प्युटर रिस्टार्ट केला. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. लाल ते लालच. शेवटी तिनं वर्गातल्या सम्मेदला फोन लावला. तो कागलहून गाडी हाणत आला.

"फाइली कॉपी केलत्यास?" त्यानं विचारलं.

"इंपोर्ट केलंय की."

"इंपोर्ट न्हाय. कॉपी."

वर्षाराणीनं मान आडवी हलवली.

"मग कार्डात आता काय हाय?" त्यानं विचारलं.

"म्हैस," ती म्हणाली.

सम्मेदनं मला बाहेर काढलं, माझ्या कडेचं लॉक सरकवलं आणि बजावलं, "आता ह्यात एक फोटोबी काढायचा न्हाय." मग पुसलेलं शोधणारं सॉफ्टवेअर लावलं. चार तास ते माझी आतडी चाचपत होतं. वर्षाराणी एकच धोशा लावून बसली होती, "स्पर्धा गेली खड्ड्यात. आप्पाचा आवाज तेवढा काढ रे."

चाळीस तुकड्यांपैकी एक निघाला. चित्राचा पार चुराडा, नुसते हिरवे-जांभळे चौकोन. पण आवाज धड होता.

तो फोनवर घेऊन ती गोठ्यात गेली. मी तिच्या मुठीत होतो. आप्पा मैनेला पाण्यावर न्यायला दावं सोडत होते. तिनं बटण दाबलं. "मैनेऽऽ, चल गं बाय माझे."

मैना ताडकन उठली, रेकली आणि आप्पांच्या अंगावरून सरळ फोनकडं आली. आप्पा दावं हातात धरून बघतच राहिले. तो आवाज आपलाच, हे कळायला त्यांना जरा वेळ लागला.

"आप्पा, बाकीचं समदं माझ्या हातनं पुसलं," वर्षाराणी रडत म्हणाली. "एवढंच ऱ्हायलंय."

आप्पांनी तिच्या हातातला फोन घेतला, स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि बोटानं खुणावलं, पुन्हा लाव. तिनं लावलं. मैना वळली आणि तिनं आप्पांच्या छातीला तोंड लावलं. आप्पांचे खांदे गदगदत होते, आवाज मात्र खिशातून येत होता.

फिल्म स्पर्धेला गेलीच नाही. आप्पांची हाळी आता तीन ठिकाणी कॉपी करून ठेवलीय. मी लॉकवर चिकटपट्टी लावून डबीत पडून असतो. तुमच्याकडं माझे भाऊबंद असतील, तर त्यांना रिकामं करण्याआधी आतलं खरंच दुसरीकडं उतरलंय का, ते एकदा उघडून बघा. हात जोडून सांगतो.

दर रविवारी वर्षाराणी नवीन सॉफ्टवेअर आणते, मला खोचते आणि पडद्याकडं टक लावून बसते. ती हाळी सोडली तर आता आत म्हशीशिवाय काही नाही, हे मला पक्कं माहीत आहे. तरी बये, खोचत राहा. तुला नाही म्हणायची माझी छाती होत नाही.