मधल्या खोलीतली भेग

भेग पहिल्यांदा दिसली तेव्हा केसाएवढी होती. दुसऱ्या वर्षी तिच्यात सुई मावू लागली, चौथ्या वर्षी करंगळी, आणि सातव्या वर्षी एक पाल दोन पिल्लांसकट तिथे बिऱ्हाड थाटून बसली. मोठा भाऊ आपल्या बाजूला शिंकला की धाकट्याच्या भिंतीवरचं कॅलेंडर एक महिना पुढे जायचं, असं लोक सांगतात. कॅलेंडरचं सोडून द्या. पाल मात्र खरी होती, कारण ताई रोज सकाळी तिच्याकडे रागानं बघतच शिलाई मशीनवर बसायची.

ताई या दोघांची थोरली बहीण. वडिलांनी घराची पूर्वेची बाजू मोठ्याला दिली, पश्चिमेची धाकट्याला, आणि मधली खोली ताईला, ती आहे तोवर. चाळीस वर्षं तिनं त्याच खोलीत बसून लोकांचे कपडे शिवले. दोन भावांचं सात वर्षांपूर्वी एका शिडीवरून वाजलं होतं. एक म्हणतो मी परत केली, दुसरा म्हणतो नाही केली. शिडी कुठे गेली हे आता शिडीलाही आठवत नसेल, पण अबोला ताजाच होता. भावजया मागच्या अंगणात रोज तासभर गप्पा मारायच्या. अबोला फक्त या दोन घोड्यांचा होता. एकमेकांना काही सांगायचं झालं की दोघे ताईच्या खोलीत यायचे, आणि येणं सोपंही होतं, कारण भेगेपायी चौकट तिरकी झाली होती आणि ताईचं दार चार वर्षांत एकदाही लागलं नव्हतं.

"ताई, सांग त्याला, रेडिओ हळू लाव."

"ताई, सांग त्याला, कानात कापूस घाल."

दोघांमध्ये सहा फुटांचंही अंतर नसायचं.

अशा या भावांचं सात वर्षांत एकाच गोष्टीवर एकमत झालं, आणि ती गोष्ट ऐकून ताईच्या हातातली कात्री थांबली. त्यांनी पायावाल्याला बोलावलं होतं. हा माणूस खचलेली घरं जॅकवर उचलून खाली काँक्रीटचे खांब घालायचा. त्यानं खोलीत चालत चालत जमिनीवर खडूनं चार चौकोन काढले.

"इथे, इथे, इथे आणि मशीनखाली," तो म्हणाला. "पुरुषभर खोल खणावं लागेल. सहा महिने खोली रिकामी पाहिजे."

"आणि मी?"

मोठा छताकडे बघत म्हणाला, "धाकट्याकडे जागा आहे."

धाकटा जमिनीकडे बघत म्हणाला, "मोठ्याकडे उजेड बरा आहे."

ताईला काय वाटलं ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. तिनं हातातला सदरा घडी घालून ठेवला एवढंच. पण त्या घडीला इस्त्री लागली नसती, इतकी ती कडक पडली होती.

"पण मुळात भेग पडते कशानं?" तिनं पायावाल्याला विचारलं.

"काळी चिकणमाती आहे, बाई. पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते. एकीकडे फुगली आणि एकीकडे आकसली की घर मधोमध फाटतं."

ताई आधी मोठ्याच्या घरात जाऊन पूर्वेच्या खिडकीतून बघून आली, मग धाकट्याच्या घरात जाऊन पश्चिमेच्या. पूर्वेला मोठ्याचे गुलाब, भिंतीला अगदी चिकटून. तो रोज दोन तास पाइप सोडून ठेवायचा, वर पन्हळीचं पाणीही तिथेच पडायचं. पश्चिमेला धाकट्यानं भिंतीपासून सहा हातांवर निलगिरी लावली होती, पाला मोठ्याच्या अंगणात पडावा एवढ्याच एका उदात्त हेतूनं. झाड आता घराच्या दुप्पट उंच झालं होतं आणि त्याच्या बुडाशी माती अशी भेगाळली होती की भावजयीची एक चप्पल आत गेली ती गेलीच.

ताईला सगळं एका क्षणात कळलं. न भिजवलेलं अस्तर भिजवलेल्या कापडाला जोडलं की पहिल्या धुण्यातच शिवण ओढली जाते. शिकाऊ पोरीलाही हे ठाऊक असतं. या दोन शहाण्यांनी एकाच घराला दोन तऱ्हेचं अस्तर लावलं होतं, आणि शिवण तिच्या डोक्यावर उसवत होती.

"चार महिने थांबा," ती पायावाल्याला म्हणाली. "मग या. भेग तेवढीच असली तर मी स्वतः मशीन उचलून बाहेर जाईन."

"ताई, हे शिवणकाम नव्हे," मोठा म्हणाला.

"ते मला सांगू नकोस. तू बटण लावायलासुद्धा माझ्याकडे येतोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्ख्या घराचं पाणी गेलं. मुख्य कॉक ताईच्या मोरीत होता. मोठ्याची अर्धी दाढी झाली होती, धाकट्याच्या डोक्याला साबण होता. दोघे ताईच्या दारात आले तेव्हा ती मोठ्याचा पाइप टेपनं मोजत होती. बरोबर मधोमध तिनं कात्री चालवली.

"ताई, तो नवा पाइप आहे," मोठा म्हणाला.

"हो. कापायला छान आहे."

मग तिनं जाड दाभण तापवलं आणि दर वितीला एक भोक पाडत गेली, एका तुकड्याला जितकी, दुसऱ्यालाही तितकीच. "हा पूर्वेला, हा पश्चिमेला, भिंतीपासून दीड हात लांब. माझ्या नळावरून दोन्हीकडे सारखं पाणी ठिबकेल, सकाळी अर्धा तास. पन्हळीला नळी जोडून पाणी कुंपणापलीकडे सोडायचं. गुलाब उचलून कुंपणाशी लावायचे. निलगिरीच्या फांद्या निम्म्या उतरवायच्या."

"तोडूनच टाकतो," धाकटा साबण पुसत म्हणाला.

"मुळीच नाही. एवढं पिणारं झाड एकदम गेलं तर माती एकदम फुगेल. तुझं डोकं तसंच आहे, एक तर बंद नाही तर उतू."

"ताई, सांग त्याला," मोठा म्हणाला, "माझं पाणी त्याच्या मातीला..."

"आजपासून मी कुणाला काही सांगणार नाही. कबूल असेल तर कॉक सोडते. नाहीतर एकाला अर्धी दाढी शोभून दिसते आणि दुसऱ्याला फेस."

दुपारपर्यंत दोघे कबूल झाले.

ताईनं भेगेच्या दोन बाजूंना दोन टाचण्या ठोकल्या आणि मधे लाल दोरा ताणून बांधला. भेग रुंदावली तर दोरा तुटेल, मिटू लागली तर सैल पडेल. रोज मशीनवर बसण्याआधी ती दोऱ्याला बोटानं छेडायची. पंधरा दिवस तो तारेसारखा वाजला. सोळाव्या दिवशी आवाज बसला. विसाव्या दिवशी किंचित झोळ दिसला, आणि ताईनं कुणाला न सांगता दुपारी दोन वेळा चहा घेतला.

एकतिसाव्या दिवशी दोरा तुटलेला होता.

ती उठली ती थेट पूर्वेला गेली. जुन्या जागी, भिंतीशी, एक गुलाब अजून होता, उलट्या टोपलीखाली लपवलेला. बुडाशी चिखल. शेजारी रिकामी बादली, आणि बादलीशेजारी मोठा.

"एकच ठेवलाय गं," तो म्हणाला. "हा जुना आहे. उचलला तर मरेल."

"किती बादल्या?"

"चार."

"दिवसाला?"

तो टोपली नीट करू लागला.

"सात वर्षं तुम्ही माझ्या तोंडून भांडलात," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण कुंपणावरचा कावळा उडाला. "तुझ्या शिव्या मी त्याला धुऊन, इस्त्री करून दिल्या. त्याच्या तुला दिल्या. आता माझी खोली खणायला निघालात, आणि बहीण कुठे जाईल यापेक्षा गुलाब कुठे जाईल याची काळजी तुला जास्त. बादली इकडे आण."

त्यानं बादली दिली. तिनं ती मशीनच्या पायाशी ठेवली आणि त्यात चिंध्या टाकू लागली. संध्याकाळी मोठ्यानं गुलाब मातीच्या गड्ड्यासकट उचलला. झाड जड होतं. दुसऱ्या बाजूनं कुणीतरी धरलं होतं. कुणी, ते ताईनं बघितलं नाही, कारण तिला अजून राग होता आणि तो तिला वाया घालवायचा नव्हता.

नवा दोरा बांधला. तो मात्र तुटला नाही.

चार महिन्यांनी पायावाला आला. भेगेत त्यानं बोट घालून बघितलं, जाईना. ताईनं त्याच्या हातात सुई दिली, ती जेमतेम नाकापर्यंत गेली. पाल बिऱ्हाड घेऊन कधीच निघून गेली होती. लाल दोरा माळेसारखा लोंबत होता.

"पाणी थांबवू नका," पायावाला म्हणाला. "दोन्हीकडे सारखं. मला इथे काही काम नाही." खडूचे चौकोन त्यानं बुटानं पुसले, हे त्याचं सौजन्य.

तो गेल्यावर दोघे भाऊ खोलीत उभे राहिले, छाती काढून, जणू भेग त्यांनीच फुंकर मारून मिटवली.

"ताई," मोठा म्हणाला, "सांग त्याला, फांद्या पुन्हा वाढल्यात."

"ताई, सांग त्याला, मला डोळे आहेत."

ताईनं दोघांच्या पाठीवर एकेक हात ठेवला. दोघांना वाटलं, माया. तिनं त्यांना उंबऱ्याबाहेर नेलं, वळली, आणि चार वर्षांत पहिल्यांदा दार ओढलं. ते कुठेही न घासता चौकटीत बसलं. मग आतून कडी लागल्याचा आवाज आला.

ताईनं सुईत दोरा ओवला.

"शिडी लागेल," बाहेरून धाकट्याचा आवाज आला. "फांद्यांना."

"शिडी तुझ्याकडे आहे," मोठा म्हणाला.

आणि दोघे कडाकडा भांडू लागले, थेट एकमेकांशी. ताईनं मशीनचं पायडल दाबलं. मशीनच्या आवाजात तिला एक अक्षर ऐकू येत नव्हतं.