चादरीचे दोन कोपरे

थोरलीच्या उजव्या चपलेची टाच डावीपेक्षा अर्धं बोट जास्त झिजली होती. जोड एकच, चालणारी एकच. तरी तीन महिन्यांत एवढा फरक पडला होता.

तीन महिन्यांपूर्वी वॉर्डात एका अवजड पेशंटला चादरीसकट स्ट्रेचरवर घेताना चादर सटकली. पायाकडचे दोन कोपरे दोघी मावशींच्या हातात होते. दोघी सख्ख्या जावा. दोघींच्याही कमरेत एकदमच कळ उठली. धाकटी ‘आई गं’ करून खालीच बसली. थोरलीने ओठ मिटून पेशंट सावरला. धाकटीचा एक्स-रे निघाला, अर्ज झाला, आणि तिला कपड्यांच्या खोलीतलं बसून करायचं काम मिळालं.

ती खुर्ची थोरलीच्या डोळ्यांत सलायची. “माझ्याहून सात वर्षांनी लहान, आणि बसलीय महाराणीसारखी!” ती नवऱ्याला ऐकवायची. धाकटीवाचून काही अडत नाही हे दाखवायला ती पायाकडचे दोन्ही कोपरे एकटीच धरू लागली.

“मावशी, जोडीला कुणी देते ना,” सिस्टर म्हणायची.

“कशाला? मी काय मेणाची आहे?”

घरी मात्र मोरीतून उठताना, कुणी बघत नाही ना याची खात्री करून, ती भिंतीला धरायची.

आज ती कपड्यांच्या खोलीतून चादरींचा गठ्ठा घेऊन निघाली.

“ताई, चप्पल!” धाकटीने मागून हाक मारली.

थोरलीने खाली पाहिलं. उजवा पाय अनवाणी होता. चप्पल चार पावलं मागे, उंबऱ्यातच पडली होती.

“फरशी गार नाही लागली?”

“खुर्चीत बसून लोकांचे पाय बघतेस वाटतं?”

“तुमचेच बघते. ती टाच बघा कशी झिजलीय.”

“तू बस हो सुखात!”

“सुखात?” धाकटीचा आवाज चिरकला. “उठताना दाराची कडी धरावी लागते मला. सगळा वॉर्ड म्हणतो, बाई असावी तर थोरलीसारखी. मला कुणी चहालासुद्धा हाक मारत नाही. जळते मी तुमच्यावर, ताई.”

हिने आपल्यावर जळावं? थोरलीने उजवा पाय फरशीवर दाबून पाहिला. गार लागलं नाही. पुन्हा दाबला.

सिस्टर दारात आली. “मावशी, सात नंबरच्या पेशंटला हलवायचंय. चला.”

थोरलीने गठ्ठा धाकटीच्या टेबलावर ठेवला.

“सिस्टर, त्या दिवशी माझीही कंबर गेली. मी आता उचलणार नाही.”