सव्वीस खुर्च्या

बुवा मध्येच थांबले, तेव्हा मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या अधिकारी बाईंना वाटलं, म्हातारा ओळ विसरला.

बुवा विसरले नव्हते. प्रत्येक कडव्यानंतर दोन श्वासांची जागा ते पेटीसाठी सोडत. पेटी वाजवणारा माणूस जाऊन सहा वर्षं झाली होती, पेटी मंचाच्या कोपऱ्यात हिरव्या फडक्याखाली मिटून पडली होती, पण जागा सुटायची ती सुटायचीच. तेवढ्या वेळात सभागृहाचा तापलेला पत्रा कडकड वाजे. मग बुवा पुढची ओळ उचलत.

दाराशी किल्लीमावशी उभी होती. त्या दोन श्वासांत तिची बोटं हातातल्या किल्ल्यांच्या जुडग्यावर आपोआप हलत. पेटीवाले तिचे यजमान. आयुष्यभर ज्या बोटांकडे पाहिलं ती आपल्या बोटांत कधी उतरली, हे तिलाही सांगता आलं नसतं.

कथा चालली होती आंधळ्या नावाड्याची. देव एकदा उतारू होऊन त्याच्या नावेत बसला आणि नावाड्यानं वजनावरून त्याला ओळखलं. "दुनियेतलं कुणीही बसलं तरी नाव एवढी हलकी होत नाही," असं नावाडी म्हणतो तिथं बुवांचा आवाज फाटला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आवाज तो, फाटणारच. पण फाटलेल्या आवाजातूनही ऊब यावी, अशी काही गळ्यांवर देवाची मेहेरनजर असते. समोरच्या माणसांनी डोळे पुसले.

समोरची माणसं नऊ होती. अधिकारी बाईंनी दोनदा मोजली.

जिल्हा कचेरीच्या सांस्कृतिक विभागातून त्या न कळवता आल्या होत्या. वयानं तिशीच्या आत, खांद्याला पिशवी, हातात छापील तक्ता. गावात कार्यक्रम चालू राहावेत म्हणून कचेरीनं एकोणीस वर्षांपूर्वी हे सभागृह दिलं, विजेचं बिल उचललं, सव्वीस लोखंडी खुर्च्या दिल्या आणि किल्ली सांभाळायला मावशीला नेमलं. अट एकच होती: दर कार्यक्रमाला किमान पंचवीस श्रोते हवेत. तेवढे नसतील, तर सभागृह शेती विभागाकडे जायचं. त्यांना खताची पोती ठेवायला जागा हवी होती आणि ते कधीपासून टपून बसले होते.

कथा संपली. बुवांनी हात जोडले. निवृत्त पोस्टमन गुडघ्यावर हात देऊन उठले आणि नेहमीसारखे म्हणाले, "बुवा, देव उतरला नावेतून, आता आम्हाला कोण उतरवतंय या खुर्चीतून?"

लोक हसले. अधिकारी बाई हसल्या नाहीत. त्या दाराशी आल्या.

"मावशी, हजेरीचं रजिस्टर तुम्हीच लिहिता ना?"

"मीच लिहिते, मॅडम."

टेबलावर रजिस्टर उघडंच होतं. आजची तारीख आणि खाली सव्वीस नावं, एकाखाली एक, एकाच ठसठशीत अक्षरात. बाईंनी पानं मागं उलटली. मागच्या गुरुवारी सव्वीस, त्याच्या मागच्यालाही सव्वीस. नावं तीच, क्रमही तोच.

"आज नऊ माणसं आहेत."

"हो."

"आणि तुम्ही लिहिलीत सव्वीस."

मावशीनं मान हलवली. तिला काही लपवायचं नव्हतं, म्हणून घाबरायचंही सुचलं नाही. "मी आधीच लिहिते, मॅडम. चार वाजता खुर्च्या पुसायला घेतल्या की एकेक पुसायची आणि नाव लिहायचं. म्हाताऱ्यांचे हात कापतात, त्यांना कुठं सह्या करायला लावायच्या? आणि बुवांनी तोंड उघडल्यावर कागद वाजलेला त्यांना खपत नाही. ज्याची त्याची खुर्ची ठरलेली. खुर्ची पुसली, नाव आलं."

"आणि जे आले नाहीत?"

"पहिली काही वर्षं कुणी चुकतच नव्हतं की. मग शिंपीकाका गेले. त्या गुरुवारी त्यांच्या खुर्चीपाशी आले आणि हात थांबला. तर बुवा म्हणाले, वहिनी, खुर्ची काढू नका, राहू दे वर्षभर. खुर्ची राहिली, तसं नावही राहिलं." तिनं रजिस्टरचं पान सारखं केलं. "वर्ष झाल्यावर काढा, असं मग कोणी म्हणालंच नाही."

बाईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी खुर्च्यांच्या रांगांकडे पाहिलं. रिकाम्या खुर्च्या भरलेल्या खुर्च्यांइतक्याच लख्ख होत्या. एकीच्या पाठीवर चष्म्याचं घर अडकवलेलं होतं, दोरीला धूळ नव्हती.

"म्हणजे यातली सतरा माणसं..."

पोस्टमनांनी पुढं होऊन तोंड घातलं. "म्हातारी माणसं आहेत, मॅडम. कुणाचे गुडघे, कुणाचा दमा. आज ऊन बघा ना काय पेटलंय. आली नाहीत एवढंच. होय ना मावशी?"

पोस्टमनांनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. जन्मभर लोकांची पत्रं न वाचता पोचवणारा माणूस, त्याला खोटं बोलायची सवय नव्हती. बोलताना कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

अधिकारी बाईंनी तक्ता टेबलावर ठेवला आणि आवाज उतरवला. त्या वाईट नव्हत्या. "हे बघा, मावशी. हे रजिस्टर असंच वर गेलं तर सभागृह जाईलच, पण खोटी हजेरी म्हणून तुमच्यावरही येईल. मी एवढंच लिहिते, उन्हामुळे काही श्रोते गैरहजर. पुढच्या महिन्यात पुन्हा येते. तोवर गावातली पंचवीस डोकी जमवा, शाळेतली आणा, बाजारातली आणा, मला काय. फक्त तुम्ही तोंडानं सांगा की ही माणसं पुढच्या वेळी येतील. खाली सही करा. बस."

"सांगा हो," पोस्टमन म्हणाले. "तोंड काय भाड्यानं आणायचंय?"

मंचावर बुवा खाली मान घालून शाल घडी करत होते. त्यांना ऐकू येत होतं. शालीची घडी एकदा झाली, त्यांनी ती मोडून पुन्हा घातली.

मावशीनं रजिस्टर जवळ ओढलं. बाईंनी पेन पुढं केलं. सही म्हणजे काय, एवढीशी रेघ. तेवढ्यानं पत्रा राहणार होता, गुरुवार राहणार होता, त्या फाटक्या गळ्याला उभं राहायला जागा राहणार होती.

तिची नजर पहिल्या रांगेच्या टोकावरच्या नावावर गेली. पेटीवाले. मंचावर बसत, पण दम लागला की उतरून त्या खुर्चीत टेकत, म्हणून ती त्यांची.

"हे पण येतील म्हणू?" तिनं बोट ठेवलं.

"सगळेच म्हणा. कोण आहेत हे?"

"आमचे हे."

बाईंनी कोपऱ्यातल्या हिरव्या फडक्याकडे पाहिलं. त्यांना कळलं.

"मॅडम," मावशी सावकाश म्हणाली, "सहा वर्षं मी यांचं नाव लिहिलंय, खरंय. पण वाट कधी बघितली नाही. खुर्ची पुसायची, नाव लिहायचं, दाराशी उभं राहायचं. त्यात माझं निभलं. आता येतील म्हणून तोंडानं बोलले, तर पुढच्या गुरुवारी मला दाराकडं बघत बसावं लागेल. ते नाही जमायचं मला."

तिनं पेन परत दिलं.

"दोघी जणी लेकींकडं शहरात गेल्यात, त्या काही आता परत येत नाहीत. बाकीचे पंधरा वारले. लिहा तुम्ही."

बाईंनी तक्ता पुन्हा हातात घेतला. मग त्यांनी तक्त्यावर नवाचा आकडा लिहिला. जाता जाता दारात थांबून विचारलं, "तुमचं नाव कुठं दिसलं नाही यात. एकोणीस वर्षं तुम्ही ऐकताय ना?"

"मला कुठं खुर्ची आहे," मावशी म्हणाली. "मी उभी असते."

त्या गेल्यावर पोस्टमनांनी आपली काठी जमिनीवर आपटली. "राजा हरिश्चंद्राची बहीणच तुम्ही. आता बसा खतात."

"गप रे," बुवा मंचावरून म्हणाले. एवढंच म्हणाले. मग खाली उतरून आले, दोन्ही हात मावशीपुढं जोडले, आणि ती "अहो बुवा, हे काय" म्हणेपर्यंत काठी टेकत उन्हात निघून गेले. त्यांच्या चालण्यातही मध्ये मध्ये दोन श्वासांची जागा सुटत होती.

पुढचे दोन गुरुवार कथा झाली. पोस्टमनांनी बाजारातून बारा माणसं गोळा करून आणली होती. पहिलं कडवं संपून बुवा थांबले तशी कथा संपली असं वाटून त्यातली निम्मी उठून गेली. तिसऱ्या गुरुवारी बुवा आले नाहीत. घशात काहीतरी निघालं होतं. डॉक्टरांनी बोलायचंसुद्धा बंद केलं.

कचेरीचं पत्र त्यानंतर आठवड्याभरानं आलं. अधिकारी बाईंनी एक मात्र केलं होतं. खोट्या हजेरीचा शब्द कुठं लिहिला नव्हता, आणि किल्ली मावशीकडेच राहील असं टाकून घेतलं होतं. गोदामालाही उघडझाक करणारं कुणी लागतंच.

खुर्च्या टेंपोत चढवल्या त्या दिवशी मावशीनं त्या शेवटच्या पुसल्या. हमाल म्हणाला, "आजीबाई, धूळच खायची त्यांना आता, कशाला राबताय?" ती पुसत राहिली. ओठ हलत होते. चष्म्याचं घर तिनं सोडवून पिशवीत ठेवलं. पेटी आधीच बुवांच्या घरी पोचवली होती. तिथं आता ती आणि बुवा, दोघंही सारखेच गप्प होते.

मग पोती आली. दुपारपर्यंत छताला लागली. त्या वासानं डोळे चुरचुरायला लागले. शेती विभागाचा कारकून टेबलाशी आला, खण उघडून जुनं रजिस्टर काढलं आणि अर्धं कोरं पाहून खूश झाला.

"हे बरं झालं. उरलेली पानं वाया कशाला घालवायची? पहिल्या खेपेची पोच घ्या यातच. इथं नाव लिहा, मावशी."

त्यानं नवं पान काढून सपाट केलं. मागच्या पानावरचं तिचं ठसठशीत अक्षर उमटून या पानावर खळगे पडले होते. बोट फिरवलं की सव्वीसच्या सव्वीस नावं लागत होती.

मावशीनं पहिल्या ओळीवर आपलं नाव लिहिलं. त्या रजिस्टरात ते पहिल्यांदाच येत होतं.

"बसा ना आता," कारकून म्हणाला, "दुसरी खेप यायला तास आहे." मग इकडंतिकडं बघून त्याच्या लक्षात आलं, बसायला काही नव्हतं.

"असू दे," मावशी म्हणाली, आणि दाराशी आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली.

वर पत्रा तापून कडकडला. तिची बोटं किल्ल्यांवर हलली, दोन श्वास, आणि थांबली.