त्रेसष्ट उन्हाळ्यांचा सदरा

नंदाताईंचे वडील सदू १९६२ साली गावाबाहेरच्या कातळावर मरून पडलेले सापडले. खुनी मिळाला नाही. गावाने मात्र बोट दाखवले ते सदूच्या धाकट्या भावाकडे, भिवाकडे. आणि त्याच भिवाने पोरक्या नंदाला वाढवून शिक्षिका केले.

पोलिसांनी पुढे परत दिलेल्या सदूच्या सदऱ्याच्या बाहीवर रक्ताचा एक डाग होता. मारेकऱ्याच्याही हाताला जखम झाली असावी, असे जुन्या कागदांत लिहिले होते. ताईंनी सात वर्षे अर्ज केले, तेव्हा प्रकरण पुन्हा उघडले आणि सदरा रत्नागिरीच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत, माझ्या टेबलावर आला.

"रक्त काकाचं नाही, एवढं लिहून दे रे," त्या म्हणाल्या. "मरायच्या आधी त्याच्या फोटोकडे सरळ बघायचंय मला."

तुलनेसाठी भिवाचा मुलगा प्रज्ञेश लाळ द्यायला आला होता. "पान खाऊन लाल तोंडानं आलो असतो ना ताय, तर हितंच अटक झाली असती!"

ताई हसल्या. त्या दोघांना एकत्र हसताना मी तेवढेच पाहिले.

मी डागाची तीनदा डीएनए तपासणी केली. तिन्ही वेळा पडद्यावरची रेघ ओहोटीनंतरच्या पुळणीसारखी सपाट राहिली. डाग होता, त्यात माणूस उरला नव्हता.

अहवालाच्या दिवशी मी विचारले, "सदरा ठेवला कसा होतात?"

"दर मे महिन्यात, पावसाआधी, दोन दिवस कडक उन्हात," त्या अभिमानाने म्हणाल्या. "बुरशीचा एक ठिपका दाखव!"

ज्या उन्हाने सदरा वाचवला, त्यानेच रक्तातली ओळख जाळली होती. हे सांगायला हवे होते. मी कागद सरळ करीत राहिलो.

"फार जुना झाला होता," मी म्हणालो. "निष्कर्ष निघत नाही."

"म्हणजे काका नव्हता?"

"तेही सांगता येत नाही."

 ताई पोचपावतीवर सही करून उठल्या.

फाटकाशी प्रज्ञेश स्कूटर सुरू करून उभा होता. "काय ताय, सुटला ना माझा बापूस?"

ताईंनी अहवाल पिशवीत खोल सरकवला. त्याने हळूच इंजिन बंद केले.

"तू हो पुढं," त्या म्हणाल्या. "मी एसटीने येईन."